सर रतन टाटा : एक रसिक संग्राहक

रतन टाटा हे नाव ऐकले की आज आपल्या डोळ्यांपुढे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन पावलेले उद्योगपती उभे राहतात. मुंबईकरांनी त्यांच्यावर मनापासून प्रेम केले. परंतु याच नावाचे आणखी एक गृहस्थ या शहरात होऊन गेले. ते जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव, सर रतन टाटा. दत्तक नात्याने ते अलीकडच्या रतन टाटांचे आजोबा. त्यांचा जन्म १८७१ चा आणि मृत्यू १९१८ चा. आयुष्य अवघे सत्तेचाळीस वर्षांचे, तेही नाजूक प्रकृतीने ग्रासलेले. तरीही त्यांनी जमविलेल्या फुलदाण्या, चिनी मातीची भांडी, हिरव्या पाषाणाच्या वस्तू आणि चित्रे आज शंभर वर्षांनंतर तुम्ही-आम्ही तिकीट काढून पाहू शकतो. ही किमया कशी घडली आणि तीत त्यांच्या पत्नीचा वाटा काय होता, हे आपल्या मंडळाच्या भगिनींपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय फुलदाण्यांचा आहे, म्हणून कुणी हसू नये. आपल्या प्रत्येकीच्या घरी दिवाणखान्याच्या कपाटात एखादी तरी फुलदाणी अशी असते, की जिच्यात कधी फूल ठेवले जात नाही. ती सासूबाईंनी कुणा पारशी कुटुंबाच्या घरातील सामान विकले गेले तेव्हा घेतलेली असते, किंवा मामंजींनी कुणा साहेबाच्या निरोपसमारंभात मिळविलेली असते. सणाच्या आदल्या दिवशी ती पुसायची, मुलांना तिच्याजवळ खेळू द्यायचे नाही, एवढेच तिचे घरातील स्थान. सध्या आपल्या कांदिवलीत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. घर रिकामे करण्याची वेळ आली की गृहिणीपुढे प्रश्न पडतो : ही बरणी, हा बुधला, ही फुलदाणी ठेवायची की भंगारवाल्याला द्यायची? आपल्या माघारी याचे कोण करणार? हा प्रश्न गरिबाच्या घरात पडतो तसाच तो श्रीमंताच्या वाड्यातही पडतो. सर रतन आणि त्यांच्या पत्नी नवाजबाई यांनाही तो पडला असला पाहिजे, कारण त्यांना मूलबाळ नव्हते.

रतनजींचा जन्म २० जानेवारी १८७१ रोजी मुंबईत झाला. त्यांचे थोरले बंधू दोराबजी त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे. वडिलांचे सारे लक्ष तेव्हा गिरणीच्या उद्योगाकडे होते. रतनजी सहा वर्षांचे असताना, १८७७ साली, नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. घरात व्यापाराची चर्चा, परदेशच्या प्रवासाच्या गोष्टी, नव्या यंत्रांची आणि नव्या रोपांची हौस. जमशेटजी स्वतः मोठे शोधक वृत्तीचे गृहस्थ. जगात जे उत्तम असेल ते पाहावे आणि आपल्या देशात आणावे, हा त्यांचा स्वभाव. थोरल्या मुलाने वडिलांची जिद्द आणि कणखरपणा उचलला, तर धाकट्याने त्यांची रसिकता आणि औदार्य उचलले, असे म्हणावयास हरकत नाही.

रतनजींचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात झाले. १८९२ साली त्यांचा विवाह नवाजबाई सेट यांच्याशी झाला. वधूचा जन्म १८७७ चा, म्हणजे लग्नाच्या वेळी ती पंधरा वर्षांची. त्या काळी अशी लग्ने घरोघरी होत. १८९६ साली रतनजी टाटा अँड कंपनीत भागीदार झाले. या कंपनीच्या पेढ्या चीन व जपानमध्ये, शांघाय आणि कोबे येथे होत्या. कापूस, सूत, रेशीम, मोती असा मोठा व्यवहार चाले. त्या देशांशी घराचा असा जुना व्यापारी संबंध होता, हे पुढे त्यांचा जो संग्रह झाला तो समजून घेताना ध्यानात ठेवावयास हवे.

१९ मे १९०४ रोजी जमशेटजी जर्मनीत वारले. पोलादाचा कारखाना, विजेची योजना आणि बंगळूरची विज्ञानसंस्था ही त्यांची तीन मोठी स्वप्ने अपुरीच होती. दोघा भावांनी ती पुरी करावयाचे मनावर घेतले. १९०७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली, १९११ साली बंगळूरच्या संस्थेत वर्ग सुरू झाले, आणि १९१५ साली खोपोलीच्या विजेने मुंबईतील गिरण्या फिरू लागल्या. या उद्योगांचा मुख्य भार दोराबजींनी वाहिला. रतनजींची प्रकृती त्या धावपळीला साथ देणारी नव्हती. त्यांचे मन रमे ते कलेत, पुराणवस्तूंत आणि लोकांच्या दुःखाचे मूळ शोधण्यात.

१९०६ साली त्यांनी लंडनजवळ ट्विकनहॅम येथे थेम्स नदीच्या काठी यॉर्क हाऊस नावाचा सतराव्या शतकातील वाडा विकत घेतला. फ्रान्सच्या राजघराण्यातील ड्यूक ऑफ ऑर्लिन्स हे त्याचे आधीचे मालक. वर्षाचा काही काळ रतनजी आणि नवाजबाई तेथे राहत. बागेत त्यांनी संगमरवरी जलदेवतांचा एक मोठा पुतळासमूह बसविला. तो दिवाळखोरीत बुडालेल्या एका इंग्रज धनिकाच्या मालमत्तेतून आला होता. इतक्या मोठ्या मूर्ती घेण्यास सहसा कुणी धजावले नसते. रतनजींनी त्या घेतल्या. त्या अजून त्या बागेत उभ्या आहेत आणि ट्विकनहॅमची मंडळी त्या कौतुकाने दाखवितात.

आता त्यांच्या संग्रहाकडे वळू. चिनी आणि जपानी चिनी मातीची भांडी व फुलदाण्या, जेड नावाच्या कठीण हिरव्या पाषाणातून कोरलेल्या वस्तू, तपकिरीच्या नाजूक कुप्या, हस्तिदंती काम, भारतीय लघुचित्रे, युरोपातील तैलचित्रे, असा हा संग्रह होता. नुसती किंमत पाहून घेणारा धनिक आणि वस्तूवर जीव जडलेला संग्राहक यांत फरक असतो. संग्राहक एक फुलदाणी घेतो आणि तिच्या शेजारी तिची बहीण शोभेल अशी दुसरी शोधत वर्षे घालवितो. झिलईची एखादी छटा कुठल्या काळातील, घाट कुठल्या भट्टीचा, हे तो हाताने चाचपून शिकतो. अशा माणसाच्या घरातील वस्तू एकमेकींशी बोलू लागतात. संग्रहालयातील चिनी-जपानी दालनात उभे राहिले की रतनजींच्या संग्रहाचा हा गुण आजही जाणवतो.

ज्या वर्षांत रतनजी इंग्लंडमध्ये राहत होते, तीच वर्षे इंग्लंडमधील हाताने रंगविलेल्या कलात्मक फुलदाण्यांच्या भरभराटीची होत, हा योग मोठा लक्षात ठेवण्याजोगा आहे. यंत्रावर छापलेल्या, एकसारख्या, हजारोंनी निघणाऱ्या भांड्यांना त्या देशातील रसिक कंटाळले होते. प्रत्येक नग माणसाच्या हातचा असावा, एकासारखा दुसरा नसावा, अशी चळवळच तेथे उभी राहिली होती. लंडनमधील लॅम्बेथ भागात डोल्टन कंपनीने कलाशाळेत शिकलेल्या मुलींना भांड्यांवर चित्रे काढण्यास बसविले. हॅना बार्लो या त्यांतील अगदी पहिल्या. त्या १८७१ साली, म्हणजे रतनजींच्या जन्माच्या वर्षी, तेथे कामाला लागल्या. ओल्या मातीवर अणकुचीदार हत्याराने त्या घोडे, हरणे, शेळ्या अशा जिवंत रेखीत की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. पुढे त्या एका कारखान्यात शेकडो स्त्रिया हे काम करू लागल्या आणि भांड्याच्या बुडाशी आपापल्या नावाची अक्षरे घालू लागल्या. स्त्रीने आपल्या कामावर आपले नाव घालावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

स्टॅफर्डशायर परगण्यातील बर्स्लेम या कुंभारांच्या गावी विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा कारागीर १८९७ पासून मॅकिन्टायर कंपनीत काम करू लागला. तो १८७२ चा, म्हणजे रतनजींहून एका वर्षाने लहान. त्याच्या फुलदाण्यांची रीत आपल्या भगिनींना चटकन समजेल. आपण मेंदीचा कोन हातात धरून रेघ काढतो ना, तशीच. पातळ मातीचा लगदा एका बारीक नळीतून दाबून फुलदाणीच्या अंगावर फुलापानांच्या उठावदार रेघा काढावयाच्या, आणि त्या रेघांच्या आतल्या जागेत, रांगोळीत रंग भरावा तसा, रंग सोडावयाचा. रेघ बांधाचे काम करते, रंग बांधाबाहेर जात नाही. मग भट्टी, मग झिलई, मग पुन्हा भट्टी. चित्राची कल्पना मूरक्रॉफ्टची, परंतु नळी हातात धरून ती फुलदाणीवर उतरविणाऱ्या बहुतेक मुली आणि बायका होत्या. १९१३ साली त्याने शेजारच्या कोब्रिज येथे स्वतःचा कारखाना काढला. ती भांडी लंडनच्या लिबर्टी दुकानात मानाने विकली जात. आज त्या काळच्या फुलदाण्या जमविणारे लोक जगभर आहेत. आपल्या मुंबईतही जुन्या बाजारात अशी एखादी फुलदाणी कधीमधी दृष्टीस पडते.

या सुंदर वस्तूंची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भांडी रंगविणाऱ्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी मिळे. त्या काळच्या झिलईत शिसे असे, आणि ते पोटात जाऊन कितीतरी कामगार, त्यांत तरुण मुलीही, आजारी पडत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावर इंग्लंडात मोठा गवगवा झाला आणि नियम करावे लागले. फुलदाणी जितकी चकचकीत तितकी तिच्यामागे कुणाची तरी झीज असते, हे आपण विसरू नये.

हे इंग्रज कुंभार शिकले कुणाकडून? चीन आणि जपानकडून. स्मेथविक येथील रस्किन पॉटरीचा होसन टेलर घ्या, की बर्नर्ड मूर घ्या, जुन्या चिनी फुलदाण्यांवरील ती रक्तासारखी लाल झिलई आपल्या भट्टीत उतरावी म्हणून त्यांनी वर्षेच्या वर्षे खर्ची घातली. याच विद्येचे मूळ पीठ म्हणजे चीन-जपानची भांडी, आणि नेमकी तीच रतनजींनी जमविली. शिष्यांच्या देशात राहून त्यांनी गुरूच्या हातचा माल गोळा केला, असे गमतीने म्हणता येईल.

मुंबईही या बाबतीत मागे नव्हती. सर जे. जे. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मातीकामाची शाखा निघाली होती आणि तेथे अजिंठ्याच्या भिंतीवरील आकृती फुलदाण्यांवर उतरविल्या जात. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती भांडी पाहावयास मिळतात.

रतनजींची जमविण्याची हौस केवळ कपाटापुरती राहिली असती, तर आज त्यांचे चरित्र लिहिण्याचे कारण पडले नसते. वस्तूमागे माणूस पाहावयाचा, हे त्यांचे वैशिष्ट्य. १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यास भारत सेवक समाज काढला. रतनजींनी त्याला दरसाल दहा हजार रुपये द्यावयास आरंभ केला. १९०९ साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा सत्याग्रह चालू होता आणि पैशाची फार ओढाताण होती. रतनजींनी प्रथम पंचवीस हजार रुपये पाठविले आणि पुढे हप्त्याहप्त्याने एकूण सव्वा लाख दिले. तेथील हिंदी मजुरांच्या कुटुंबांना त्या पैशाने धीर आला. इंग्रज सरकारशी व्यवहार असलेल्या व्यापाऱ्याने अशा चळवळीस उघड मदत करावी, याला काळीज लागते.

१९१२ साली त्यांनी लंडन विद्यापीठातील लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दरसाल चौदाशे पौंड देऊ केले. हेतू असा की गरिबी का येते आणि ती कशी हटवावी, याचा शास्त्रीय अभ्यास व्हावा. रतन टाटा फाउंडेशन या नावाने काम सुरू झाले. रिचर्ड टॉनी हे अर्थशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख झाले. त्यांनी आरंभीच जो अभ्यास केला तो घरी बसून लोखंडी साखळ्या घडविणाऱ्या कामगारांच्या किमान मजुरीचा. त्या कामात मोठा भरणा बायकांचा होता. पुढच्या वर्षी शिवणकामातील मजुरीवर त्यांचे पुस्तक निघाले. मुंबईच्या एका पारशी गृहस्थाच्या पैशाने इंग्लंडातील कष्टकरी बायकांच्या मजुरीचा हिशेब मांडला गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. त्याच विभागात क्लेमंट ॲटली नावाचे तरुण गृहस्थ शिकवीत. १९४७ साली हिंदुस्थान स्वतंत्र झाला तेव्हा इंग्लंडचे पंतप्रधान तेच होते.

पुराणवस्तूंची ओढ त्यांना पाटण्यापर्यंत घेऊन गेली. चंद्रगुप्त आणि अशोक यांची राजधानी पाटलिपुत्र जमिनीखाली कोठे आहे हे उकरून पाहावे, यासाठी त्यांनी पुरातत्त्व खात्याला वर्षाला वीस हजार रुपये देऊ केले. १९१३ साली डॉ. स्पूनर यांच्या देखरेखीखाली कुम्रहार येथे उत्खनन सुरू झाले. मौर्यकालीन प्रचंड सभागृहाच्या बहात्तर खांबांच्या खुणा तेथे सापडल्या. पुस्तकात वाचलेला अशोक हाताला लागावा, असा तो क्षण असेल.

दान देताना त्यांची रीत संग्राहकाचीच होती. दिसले म्हणून घेतले आणि मागितले म्हणून दिले, असे त्यांनी केले नाही. आधी पारख, मग पैसा. २९ मार्च १९१३ रोजी त्यांनी आपले मृत्युपत्र केले. त्यात त्यांनी आपल्या संपत्तीचा विनियोग शिक्षण, विद्या, उद्योग आणि मानवी दुःखाचे निवारण यांसाठी व्हावा असे नमूद केले, आणि जाणत्या माणसांकडून आधी नीट अभ्यास करवून मगच पैसा द्यावा, अशी इच्छा व्यक्त केली. वय वर्षे बेचाळीस. इतक्या लवकर मृत्युपत्र करणाऱ्याला आपल्या प्रकृतीची कल्पना असली पाहिजे.

१९१६ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. त्यानंतर प्रकृती खालावत गेली. युद्धाचे दिवस, समुद्रात पाणबुड्यांची भीती, अशा काळात ते उपचारांसाठी इंग्लंडात होते. ५ सप्टेंबर १९१८ रोजी कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी सेंट आइव्ह्ज येथे त्यांचा अंत झाला. लंडनजवळच्या ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत, वडिलांच्या शेजारी, त्यांना चिरविश्रांती मिळाली.

येथून पुढचे चरित्र नवाजबाईंचे आहे. पतीच्या मृत्यूसमयी त्या एकेचाळीस वर्षांच्या होत्या. दोन देशांत दोन मोठी घरे, कपाटांतून भरलेला संग्रह आणि पोटी मूल नाही. आपण घर आवरताना एक बरणी हातातून सुटत नाही. त्यांनी पंचवीस-सव्वीस वर्षांच्या संसाराचे संचित कसे हातावेगळे केले असेल, याची कल्पना प्रत्येक गृहिणीने करावी. एकेक फुलदाणीबरोबर एकेक आठवण असणार. कुठली कुठल्या प्रवासात घेतली, कुठलीवरून दोघांत वाद झाला, कुठली घरी येईपर्यंत जीव टांगणीला लागला. तरीही १९२१ साली सर रतन टाटांचा कलासंग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमकडे आला. १९२३ साली यॉर्क हाऊस ट्विकनहॅमच्या नगरपालिकेने घेतले. एकीकडचा वाडा तेथील नागरिकांचा झाला, दुसरीकडचा संग्रह येथील नागरिकांचा झाला.

त्या म्युझियमची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १९०५ च्या नोव्हेंबरात त्याची कोनशिला बसली. जॉर्ज विटेट हे त्याचे वास्तुविशारद. इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, परंतु महायुद्ध सुरू झाल्यामुळे तेथे लष्करी रुग्णालय चालले. अखेर १० जानेवारी १९२२ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते ते लोकांसाठी खुले झाले. आज ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखले जाते. त्याच्या भिंतींत कुर्ल्याचा करडा दगड आहे आणि आपल्या शेजारच्या मालाडचा पिवळसर दगडही आहे. याच लॉइडसाहेबांच्या कारकिर्दीत बॅकबेच्या समुद्रात भर घालण्याचे काम निघाले आणि त्यासाठी मुरूम आपल्या कांदिवलीच्या टेकडीतून रेल्वेने नेला गेला. दक्षिण मुंबईच्या वैभवात आपल्या उपनगरांची माती आणि दगड असे मिसळलेले आहेत. तेव्हा ते म्युझियम परक्यांचे आहे, असे आपण कधीही मानू नये. १९३३ साली दोराबजींचा संग्रहही तेथेच आला, आणि दोघे भाऊ पुन्हा एका छपराखाली नांदू लागले.

नवाजबाईंनी एवढ्यावर हात झटकले नाहीत. १९१९ साली ऐंशी लाख रुपयांच्या मूळ निधीने सर रतन टाटा ट्रस्ट सुरू झाला. १९२५ साली त्या टाटा सन्सच्या संचालक मंडळावर आल्या. त्या मंडळावरच्या त्या पहिल्या स्त्री. १९३२ पासून ट्रस्टच्या अध्यक्षपदाची धुरा त्यांनी वाहिली. १९२८ साली मुंबईत सर रतन टाटा इन्स्टिट्यूट निघाली. गरजू पारशी स्त्रियांना शिवण, भरतकाम, पाककाम यांतून मानाची कमाई करता यावी, हा तिचा हेतू. तेथील पदार्थांची कीर्ती आजही मुंबईत आहे. आपल्या मंडळात पापड-मसाल्यांचे आणि शिवणाचे वर्ग चालतात, त्या वाटेवर आपल्या कितीतरी आधी चाललेली ही एक थोर भगिनी.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी. पतीच्या मृत्यूच्या सुमारास त्यांनी मुंबईतील जे. एन. पेटिट पारशी अनाथाश्रमातील नवल नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. त्याचे वडील अहमदाबादच्या गिरणीत नोकरीस होते. ते १९०८ साली वारले, आणि आईने भरतकाम करून मुलांना वाढविण्याची शिकस्त केली होती. हा मुलगा एका दिवसात टाटांच्या वाड्याचा वारस झाला. पुढे नवल टाटा उद्योगात आणि कामगार-क्षेत्रात नावारूपास आले. त्यांचा संसार मोडला तेव्हा त्यांच्या रतन आणि जिमी या दोन मुलांना नवाजबाईंनीच फोर्टातील घरी मायेने वाढविले. आजीने आपल्याला शब्द पाळावयास आणि मान राखावयास शिकविले, असे रतन नवल टाटा मोठेपणी कृतज्ञतेने सांगत. २० ऑगस्ट १९६५ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, नवाजबाई निवर्तल्या. पतीच्या मागे सत्तेचाळीस वर्षे त्या जगल्या. पतीचे सारे आयुष्यही नेमके तितक्याच वर्षांचे.

भगिनींनो, या दांपत्याच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? त्यांच्याएवढी संपत्ती आपल्याजवळ नाही. परंतु त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्याही पुढे आहे. वस्तू कुणाची? जमविणाऱ्याची, वारसाची, की पाहणाऱ्याची? रतनजींनी पारखून जमविले, नवाजबाईंनी जीव घट्ट करून सोडले, आणि म्हणून ते टिकले. जी फुलदाणी कपाटाच्या किल्लीत अडकते ती एक दिवस भंगारात जाते. जिची कथा कुणाला तरी सांगितलेली असते, ती वाचते.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. घर हलविण्यापूर्वी प्रत्येकीने आपल्या घरातील एक जुनी वस्तू निवडावी. फुलदाणी असो, लोणच्याची बरणी असो, अडकित्ता असो. तिचे बूड उलटे करून पाहावे. शिक्का किंवा अक्षरे असतील तर उतरवून घ्यावीत. हाताने रंगविलेले असेल तर रंगाची जाडी कुठे कमी, कुठे जास्त लागेल, दोन पाने एकसारखी नसतील, रेघ कुठेतरी थरथरलेली असेल. तो थरथरलेला भाग म्हणजे रंगविणारीचा हात. मग एका चिठ्ठीवर ती वस्तू कुणी, केव्हा, कशी आणली ते लिहून आतच ठेवावे. अशा वस्तूंचे एक छोटेसे प्रदर्शन मंडळाच्या सभागृहात भरविता आले, तर नातवंडांना आपल्या घरचा इतिहास कळेल.

आणि एखाद्या दिवशी घरची कामे लवकर आटोपून आपण साऱ्याजणी कांदिवलीहून चर्चगेटची गाडी धरू या. तेथून म्युझियमपर्यंतची वाट फार लांबची नाही. वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटात टाटांच्या फुलदाण्या शांतपणे उभ्या आहेत. त्यांना मूलबाळ नसलेल्या एका घराने आपल्या स्वाधीन केले आहे, एवढे मनात ठेवून त्यांच्यापुढे घटकाभर उभे राहावे. सर रतन आणि नवाजबाई यांना याहून निराळी आदरांजली वाहावयास नको.